अंगठ्याच्या नखापुरती भूल

मराठीतला 'भूल' हा शब्द मोठा गमतीचा आहे. चकवा लागला की भूल पडली म्हणतात, हातून चुकलं तर तीही भूल, आणि ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टर देतात तीही भूलच. या शेवटच्या भुलीत पुन्हा दोन बहिणी. थोरली पूर्ण भूल, जिच्यात माणूस गाढ झोपतो. आणि धाकटी म्हणजे जागेवरचं इंजेक्शन. दाढ काढायची, टाके घालायचे, मस काढायचा, चरबीची गाठ काढायची, की ही धाकटी येते. माणूस जागा असतो, डॉक्टरांशी गप्पा मारतो, आणि तेवढी बोटभर जागा बधिर असते.

मध्यंतरी आमच्या भाच्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं, ते काढायचं ठरलं. तेव्हा ताईने मला फोनवर विचारलं, "एवढ्याशा नखासाठी इंजेक्शन देतात, त्याने काही होत नाही ना रे?" मी डॉक्टर नाही. पण घरात जो जास्त वाचतो त्याला असले प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धतच आहे. 'नाही गं, काही होत नाही' असं म्हणून मोकळा झालो असतो तरी चाललं असतं. पण मग वाचत बसलो, आणि 'काही होत नाही' हे तीन शब्द म्हणता यावेत म्हणून किती जणांनी काय काय मोजलंय ते पाहून थक्क झालो. तेच इथे लिहून ठेवतोय. ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलंय.

सुरुवात नखापासूनच करू. इंग्लंडात न्यूकॅसलजवळ विनलॅटन नावाचं गाव आहे. तिथे २८ जानेवारी १८४८ रोजी हॅना ग्रीनर नावाच्या १५ वर्षांच्या मुलीचं पायाच्या अंगठ्याचं नख काढायचं होतं. काही महिन्यांपूर्वी तिचं असंच एक नख ईथर हुंगवून काढलं होतं. तेव्हा सगळं ठीक पार पडलं होतं. या खेपेला नवं औषध होतं, क्लोरोफॉर्म. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने ते वापरात आणून जेमतेम अडीच-तीन महिने झाले होते. मुलगी घाबरलेली होती. खुर्चीत बसवून तिला क्लोरोफॉर्म हुंगवला, डॉक्टरांनी नखाला हत्यार लावलं, आणि दोन-तीन मिनिटांत ती गेली. क्लोरोफॉर्मने गेलेला नोंदीतला पहिला जीव हा असा. काय तर म्हणे, अंगठ्याचं नख!

नखासाठी अख्खा माणूस बेशुद्ध करायचा, हा हिशेबच मुळात न जुळणारा होता. पण दुसरा मार्ग नव्हता. एक तर चौघांनी धरून ठेवायचं आणि ओरडू द्यायचं, नाहीतर पूर्ण भूल. पुढची ३६ वर्षं हे असंच चाललं.

मग १८८४ साल उजाडलं. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात कार्ल कोलर नावाचा २६-२७ वर्षांचा तरुण डॉक्टर होता. डोळ्यांचा डॉक्टर व्हायचं स्वप्न होतं. डोळ्याचं ऑपरेशन पूर्ण भुलीत करणं तेव्हा फार अवघड, कारण ईथरमधून उठताना माणूस ओकतो, उमाळे काढतो, आणि डोळ्याला नुकतेच घातलेले टाके तुटतात. त्याच रुग्णालयात त्याचा एक मित्र होता, सिग्मंड फ्रॉइड. हो, तेच ते स्वप्नांचा अर्थ लावणारे! फ्रॉइड त्या उन्हाळ्यात कोकेनच्या मागे लागला होता. थकवा जातो, उत्साह येतो, मॉर्फिनचं व्यसन सुटतं (हे शेवटचं साफ चुकीचं निघालं, आणि त्याची किंमत त्याच्या एका जवळच्या मित्राने भरली), असं बरंच काही त्याने लिहून छापलं. आणि मग तो वाग्दत्त वधूला भेटायला दूर हॅम्बुर्गजवळच्या गावी निघून गेला.

कोकेन जिभेवर ठेवलं की जीभ बधिर होते, हे नवीन नव्हतं. गटिंगेनच्या आल्बर्ट नीमनने कोकाच्या पानांतून हे रसायन वेगळं काढलं तेव्हाच, १८६० च्या सुमारास, ते लिहून ठेवलं होतं. पंचवीस वर्षं ही गोष्ट सगळ्यांच्या जिभेवर होती आणि कोणालाच सुचत नव्हती! कोलरला मात्र डोळाच दिसत होता. त्याने आधी बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकला. मग ससा, मग कुत्रा. आणि मग तो व त्याचा सहकारी गेर्टनर यांनी एकमेकांच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि आरशासमोर उभं राहून टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श करून पाहिला. काहीच जाणवलं नाही.

सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद होती. कोलरकडे जायला पैसे नव्हते! त्याचा निबंध १५ सप्टेंबर १८८४ रोजी त्रिएस्तेच्या डॉ. ब्रेटाउअर यांनी वाचून दाखवला. काही आठवड्यांत बातमी अमेरिकेपर्यंत पोचली. कोलरला व्हिएन्नात हवी ती जागा मात्र कधीच मिळाली नाही. तो ज्यू होता. पुढच्याच जानेवारीत एका सहकाऱ्याने त्याला जातीवरून शिवी दिली, याने थोबाडीत मारली, आणि प्रकरण तलवारीच्या द्वंद्वापर्यंत गेलं. जखमी झाला तो समोरचा. पण कोलर शेवटी देश सोडून गेला आणि न्यूयॉर्कला डोळे तपासत राहिला.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, निदान ऐकून. मला खरी ओढ लागली ती पुढच्या वीस वर्षांची. कारण कोलर डोळ्यात थेंब टाकत होता, सुई टोचत नव्हता. सुई आली आणि हिशेब बदलला. डोळ्यात टाकलेला थेंब बराचसा तिथेच राहतो. मांसात टोचलेलं औषध मात्र आज ना उद्या रक्तात जातंच. जागा बधिर करणारं औषध नसांमधला संदेश थांबवतं. तेच रक्तातून मेंदूत गेलं की तिथले संदेश बिघडवतं, हृदयात गेलं की तिथले. नखासाठी आणि हृदयासाठी औषधाचे नियम वेगळे नसतात. फरक असतो तो फक्त किती आणि कुठे याचा.

आणि हे 'किती' कोणालाच ठाऊक नव्हतं.

न्यूयॉर्कला विल्यम हॉलस्टेड आणि रिचर्ड हॉल या दोन सर्जनांनी १८८४ सालीच कोकेन सुईने मज्जातंतूच्या मुळाशी टोचून पाहिलं. जबड्यातला तंतू गाठला की अर्धा जबडा बधिर. आज दातांचे डॉक्टर खालची दाढ काढताना जे इंजेक्शन देतात ना, ते हेच. प्रयोग कोणावर केले? स्वतःवर, एकमेकांवर, विद्यार्थ्यांवर. वर्षभरात त्यातले बरेच जण कोकेनचे गुलाम झाले होते. हॉलस्टेडने १८८५ मध्ये या विषयावर जो लेख छापला त्याचं पहिलंच वाक्य इतकं भरकटलेलं आहे की वाचवत नाही. लिहिताना त्याच्या अंगात काय होतं ते उघड दिसतं. पुढे हाच हॉलस्टेड जॉन्स हॉपकिन्सचा नामवंत सर्जन झाला, रबरी हातमोजे त्यानेच ऑपरेशन थिएटरात रुळवले. पण कोकेन सोडवायला म्हणून सुरू झालेलं मॉर्फिन त्याला वर्षानुवर्षं चिकटून राहिलं.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट सेंट पीटर्सबर्गची. तिथे प्रोफेसर कोलोम्निन नावाचे नावाजलेले सर्जन होते. १८८६ साली एका तरुण बाईच्या गुदाशयातल्या व्रणावर उपचार करायचे होते. हे नवं औषध त्यांनी वापरलं. एकूण सुमारे दीड ग्रॅम कोकेन आत गेलं. किती चालतं हे सांगणारं एकही पुस्तक तेव्हा नव्हतं. काही तासांत बाई गेली. कोलोम्निन यांनी स्वतःला गोळी घालून घेतली.

मी ही दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. आपल्याकडे डॉक्टरांबद्दल बोलताना एक तर देव म्हणतात नाहीतर कसाई. हा माणूस दोन्ही नव्हता. त्याच्यापाशी फक्त एक आकडा नव्हता.

तो आकडा शोधून काढला पॅरिसच्या पॉल रेक्लू यांनी. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला खरा नायक तोच, आणि त्याचं नाव फार कोणी घेत नाही. त्याने कोकेनने दगावलेल्यांच्या हकिगती काढून बसून वाचल्या. कोणाला किती टक्क्यांचं दिलं, एकूण किती गेलं, रोगी बसलेला होता की आडवा. आणि निष्कर्ष काढला तो इतका साधा की लोकांना पटेना: औषध दोषी नाही, तुम्ही फार घट्ट आणि फार जास्त देताय. तेव्हा वीस-वीस टक्क्यांचे द्राव सर्रास वापरले जात. रेक्लू दोन टक्क्यांवर आला, मग एकावर, मग अर्ध्यावर. बधिरपणा तेवढाच! शिवाय त्याचे दोन नियम. रोगी आडवाच झोपलेला हवा, आणि झाल्यावर लगेच उठायचं नाही. सुई एका जागी रोवून भसकन दट्ट्या दाबायचा नाही, सुई पुढे सरकवत सरकवत थोडं थोडं औषध सोडत जायचं. म्हणजे चुकून एखाद्या शिरेत टोक गेलंच, तर तिथे एखादा थेंबच सांडेल. या पद्धतीने त्याने हजारो ऑपरेशनं केली.

बर्लिनच्या कार्ल लुडविग श्लाइखने तर कमाल केली. तो दशांश टक्क्यावर आणि त्याच्याही खाली गेला. इतक्या पातळ द्रावाने कातडी फुगवून, थरामागून थर बधिर करत जायचं. १८९२ साली बर्लिनमध्ये सर्जन मंडळींच्या परिषदेत त्याने हे मांडलं, आणि शेवटी एक वाक्य असं टाकलं की सभागृह पेटलं. सांगायचं तात्पर्य असं की, जिथे या पद्धतीने काम भागतं तिथे पूर्ण भूल देणं हे आता नीतीला धरून नाही. समोर बसलेले सगळे रोज क्लोरोफॉर्म देणारे! त्याने आत्मचरित्रात लिहिलंय, की अध्यक्षांनी 'याच्यावर कोणाचा विश्वास आहे का' असं विचारलं आणि एकही हात वर झाला नाही. बोलायची पद्धत उद्धट होती हे खरं. पण हॅना ग्रीनर आठवली की मला तरी त्याच्या उद्धटपणाचा राग येत नाही. काही वर्षांतच त्याची पद्धत सगळीकडे गेली.

पुढचा भाग भराभर सांगतो, तो रसायनांचा आहे. लाइपझिगच्या हाइनरिख ब्राउनने १९०३ साली बधिर करणाऱ्या औषधात थेंबभर अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलं. अ‍ॅड्रेनॅलिनने त्या जागेच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, औषध तिथेच जास्त वेळ थांबतं, रक्तात हळूहळू जातं, आणि रक्तस्रावही कमी. म्युनिकच्या आल्फ्रेड आइनहॉर्नने प्रोकेन बनवलं, नोव्होकेन नावाने ते १९०५ पासून वापरात आलं आणि व्यसनाचा प्रश्न मिटला. मग स्टॉकहोम. तिथे बार्लीच्या रोपांवरच्या संशोधनात तयार केलेलं एक रसायन एका केमिस्टने सवयीने चाखून पाहिलं आणि त्याची जीभ बधिर झाली. (पुन्हा जीभच!) त्या धाग्यावरून निल्स लोफग्रेनने १९४३ साली लिडोकेन बनवलं. त्याचा विद्यार्थी बेंग्ट लुंडक्विस्ट याने ते स्वतःला टोचून घेऊन तपासलं. १९४८ मध्ये ते झायलोकेन नावाने बाजारात आलं. आपल्याकडचे डॉक्टर त्याला लिग्नोकेन म्हणतात. तुमच्या-माझ्या दाढेत, टाक्यांत, नखात जातं ते बहुधा हेच.

आता गंमत बघा. औषध बदललं, पण रेक्लूचे नियम बदलले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पाठीवरची चरबीची गाठ काढली. तेव्हा डॉक्टरांनी आधी वजन विचारलं. मला वाटलं, झालं, आता पोटावरून बोलणार! तर तसं नव्हे, ते गणित करत होते. साध्या लिग्नोकेनची मर्यादा दर किलो वजनाला साडेचार मिलिग्रॅम, आणि अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं असेल तर सात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधं औषध २७० मिलिग्रॅमपर्यंत. एक टक्का म्हणजे दर मिलीलिटरला १० मिलिग्रॅम, दोन टक्के म्हणजे २०. तेव्हा दोन टक्क्यांचं औषध असेल तर साडेतेरा मिलीलिटर झाले की थांबायचं. आपल्याकडे दवाखान्यात जी ३० मिलीलिटरची दोन टक्क्यांची बाटली दिसते, तिच्यात ६०० मिलिग्रॅम असतात. म्हणजे टेबलावरच्या त्या छोट्याशा बाटलीत मोठ्या माणसाच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त औषध आहे. आणि दहा किलोच्या पोराच्या हनुवटीला टाके घालायचे असतील तर मर्यादा ४५ मिलिग्रॅमची, म्हणजे सव्वादोन मिलीलिटर. एक छोटी सिरिंजसुद्धा भरत नाही! जास्त जागा बधिर करायची तर रेक्लूचीच युक्ती, औषध पातळ करायचं.

सुई आत गेल्यावर दट्ट्या दाबण्याआधी तो किंचित मागे ओढतात. सिरिंजमध्ये रक्त आलं तर टोक शिरेत आहे, जागा बदलायची. मग हळूहळू सोडायचं. हळू सोडलं की दुखतंही कमी, कारण औषध जरा आम्लधर्मी असतं आणि चरचरतं. (गळवाच्या जागी हे इंजेक्शन नीट लागू पडत नाही त्याचंही कारण आम्लच. पू झालेल्या जागेत आधीच आम्ल इतकं असतं की औषध नसेच्या आत शिरू शकत नाही.)

आणि गप्पा. डॉक्टर माझ्याशी सारखे बोलत होते. कुठे असता, गाव कुठलं, यंदा पाऊस कसा. मी आपला समजत होतो, माणूस बोलका आहे. मग मध्येच त्यांनी विचारलं, "तोंडात काही वेगळी चव लागतेय? जीभ जड वाटतेय?" त्या गप्पा म्हणजेच तपासणी होती. औषध रक्तात जास्त गेलं तर पहिली खूण बहुतेक वेळा तोंडाभोवतीच उमटते. ओठ-जीभ बधिर, धातूसारखी चव, कानात गुणगुण, बोलणं अडखळणं किंवा उगाच वाढणं. मग स्नायू उडायला लागतात, झटके येतात, आणि त्याच्याही पुढे हृदय. पूर्ण भुलीत या खुणा सांगायला माणूस जागा नसतो. इथे असतो. माझ्या पाठीवर काम चाललेलं असताना माझ्या जिभेवर लक्ष ठेवलं जात होतं.

'मला त्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे' असं सांगणारे आपल्या नात्यात निदान चार जण निघतील. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फारच क्वचित आढळते. बहुतेकांना सुई बघून चक्कर आलेली असते किंवा अ‍ॅड्रेनॅलिनने छाती धडधडलेली असते. तरी आधी काय झालं होतं ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगावं, निदान त्यांनी करायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात. आमच्या एका काकांनी म्हणे दाढ काढून झाल्यावर सांगितलं होतं. असो.

आता पुन्हा अंगठ्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट तिथेच आहे.

डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं एक नियम घोकवला गेला: अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं औषध बोटात टोचायचं नाही. बोटात रक्तवाहिन्या मोजक्या, त्या आवळल्या तर बोट काळं पडून सडेल. ऐकायला पटतं. पाठ्यपुस्तकांत होतं, परीक्षेत विचारलं जायचं. पण २००० नंतर काही हाताच्या सर्जनांनी रेक्लूसारखंच केलं, जुन्या हकिगती काढून बसले. २००१ साली छापलेल्या एका आढाव्यात शतकभराच्या वैद्यकीय लिखाणातून इंजेक्शननंतर बोट सडल्याच्या ४८ नोंदी मिळाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त नोंदींत अ‍ॅड्रेनॅलिन नव्हतंच! आणि लिग्नोकेनमध्ये कारखान्यातून मिसळून आलेलं अ‍ॅड्रेनॅलिन वापरून बोट गेल्याची एकही नोंद नव्हती.

मग बोटं गेली कशाने? बहुतेक नोंदी १९५० च्या आधीच्या, कोकेन-प्रोकेनच्या काळातल्या. अ‍ॅड्रेनॅलिन तेव्हा डॉक्टर हातानेच अंदाजे थेंब टाकून मिसळत. बोटाच्या मुळाशी आवळपट्टी तासन्‌तास राहायची. बधिर बोट गरम पाण्यात बुडवून ठेवायचे, आणि भाजलेलं रोग्याला कळायचंच नाही. आणि प्रोकेन. ते जुनं झालं की आम्ल होत जातं. १९४८ साली अमेरिकेत तपासलेल्या काही साठ्यांत त्याचा पीएच एकपर्यंत उतरलेला आढळला. म्हणजे जवळजवळ तेजाबच! बाटलीवर मुदत संपल्याची तारीख छापायची सक्ती तिथे १९७९ पर्यंत नव्हती. तेव्हा बाटली कधीची आहे हे कोणालाच कळायचं नाही. बोट काळं पडलं की दोष जायचा अ‍ॅड्रेनॅलिनवर.

कॅनडातले सर्जन डोनाल्ड लालोंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक अभ्यास छापला. हात आणि बोटांमध्ये पातळ अ‍ॅड्रेनॅलिन देऊन केलेल्या लागोपाठ ३११० केसेस. एकही बोट गेलं नाही. अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम उलटवणारं औषध हाताशी होतं, ते एकदाही वापरावं लागलं नाही. त्यानंतर हाताची कितीतरी ऑपरेशनं माणूस जागा ठेवून आणि आवळपट्टी न बांधता व्हायला लागली. सर्जन टेबलावरच रोग्याला सांगतो, बोट हलवून दाखवा बरं, आणि जोडलेला स्नायूबंध नीट सरकतोय की नाही ते तिथल्या तिथे दिसतं. ज्यांच्या बोटांचं रक्ताभिसरण आधीच बिघडलेलं आहे त्यांच्याबाबत आजही जपूनच वागतात, आणि ते योग्यच आहे. नंतरच्या काळात बोटाला इजा झाल्याच्या तुरळक नोंदीही आल्या आहेत. पण सरसकट बंदीला आधार उरला नाही.

मला यात राग येण्यासारखं काही वाटलं नाही. त्या नियमामागे खरी सडलेली बोटं होती. फक्त प्रोकेनची ती जुनी बाटली कधीच कचऱ्यात गेली, आणि तिची भीती पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकात राहिली. दुसरीकडे रेक्लूने घालून दिलेली सवय मात्र अजून लागते. कुठला नियम ठेवायचा आणि कुठला सोडायचा, हे नियमाकडे नुसतं बघून कळत नाही. जुन्या हकिगती पुन्हा काढून वाचाव्या लागतात, आणि ते काम करायला फारसं कोणी तयार नसतं.

याच पिढीतली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा सगळी काळजी घेऊनही औषध रक्तात गेलं आणि हृदय थांबलं, तर? बराच काळ याला खास असा उतारा नव्हता. त्यात ब्युपिव्हाकेन नावाचं जास्त वेळ टिकणारं औषध आलं होतं, आणि त्याने थांबलेलं हृदय पुन्हा सुरू करणं फार कठीण जातं हे १९७९ पासून डॉक्टर मंडळी बोलत होती. शिकागोला गाय वाइनबर्ग नावाचे भूलतज्ज्ञ आहेत. त्यांच्या एका रोग्याला या औषधाच्या अगदी थोड्या मात्रेने हृदयाचा धोका झाला. त्या रोग्याच्या शरीरात चरबी वापरण्याच्या क्रियेत जन्मजात दोष होता. तेव्हा वाइनबर्ग यांना वाटलं, रक्तात चरबी वाढवली तर औषध जास्त घातक ठरत असणार. हे तपासायला त्यांनी उंदरांना शिरेतून चरबीचा द्राव दिला, जो खाऊ न शकणाऱ्या रोग्यांना पोषण म्हणून देतात तोच. आणि झालं नेमकं उलटं. चरबी दिलेले उंदीर मरेनात!

१९९८ साली त्यांनी ते छापलं. मग कुत्र्यांवर प्रयोग झाले. आणि २००६ साली न्यूयॉर्कमधली हकिगत प्रसिद्ध झाली. ५८ वर्षांचा एक माणूस, खांद्याच्या ऑपरेशनसाठी इंजेक्शन दिल्यावर हृदय थांबलेलं, वीस मिनिटं छाती दाबूनही सुरू न झालेलं. कोणाला तरी ती चरबी आठवली. दुधासारखा पांढरा द्राव शिरेतून सोडला आणि हृदयाचे ठोके परत आले. जिथे ही इंजेक्शनं मोठ्या मात्रेत देतात तिथे तो द्राव आता हाताशी ठेवायला सांगतात.

कण्यात देतात ते इंजेक्शन याच कुळातलं, पण त्याची गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट बिअर या जर्मन सर्जनने १८९८ साली आपल्या सहायकाच्या कण्यात कोकेन सोडलं आणि तो खरंच बधिर झालाय का हे बघायला त्याच्या नडगीवर हातोडी मारली. ती पुन्हा कधीतरी लिहीन. तोवर ताई, भाच्याला सांग, अंगठा बरा होईपर्यंत फुटबॉल बंद.